वेन्लाला, शनिवारच्या आधी

वेन्ला,
शनिवारी लायब्ररीच्या तळघरात
तू पहिल्यांदा टेबलाच्या त्या बाजूला बसशील,
पुठ्ठ्याच्या आडोशामागे.
म्हणून लिहून ठेवते. फोनवर मला नीट बोलता येत नाही,
तुला माहीत आहे.

केमीत सध्या दुपारी अडीचलाच दिवे लागतात.
चौघं येतील, दाराशी बूट काढतील, मोजे ओले असतील.
आधी कॉफी दे.
राज्याचा इतिहास नंतर. खरं तर नकोच.
नमनाला घडाभर तेल मी एकदा जाळलंय:
सात राजे, तीन युद्धं, एक शाप,
आणि शापापर्यंत पोचले तोवर
सांप्साने राईच्या पावाचा घोडा करून
त्याला खोगीरही घातलं होतं.

सरळ म्हण: होडीत पाणी शिरतंय. काय करता?
एवढ्यावर माणसं पुढे सरकून बसतात.

मी किल्ला रचला होता. अकरा पानं.
कुठल्या बुरुजावर किती घुबडं, तेसुद्धा.
ते किल्ल्याकडे फिरकलेच नाहीत.
वाटेत नदी लागली, नदीवर नावाडी,
आणि केर्त्तूने विचारलं, तुझं नाव काय?
नावाड्याकडे नाव होती, नाव नव्हतं.
समोर रेडिएटरवर कंपनीची अक्षरं, अर्धी खरवडलेली;
मी तीच उलटी वाचली.
तीन तास बोलत बसले त्याच्याशी.
किल्ला माझ्या खणात आहे अजून.
हवा तर ने, घुबडांसकट.

नियम आठवला नाही तर पानं उलटत बसू नकोस.
काहीतरी ठरव आणि पुढे चल.
चुकलीस असं घरी कळलं, तर पुढच्या शनिवारी कबूल कर.
उर्हो वाद घालेलच. जन्म पोस्टात गेला त्याचा,
पावती पाहिल्याशिवाय त्याला काही पटत नाही.
त्याच्या हातात नकाशा दे, रंगीत पेन्सिली दे,
तासभर निर्धास्त.

आणि शांततेला घाबरू नकोस.
तू दक्षिणेत राहून आलीस, तिथे म्हणे पटापट बोलतात.
इथे गप्प बसलेला माणूस
कंटाळलाच असेल असं नाही.
मनात दहा आकडे मोज. मग आणखी दहा.

वेइक्कोचं सांगायचं राहिलं.
हे कुणाला बोलले नाहीये.
त्या सप्टेंबरात त्याची हेल्लेवी गेली होती.
अख्खी संध्याकाळ तो फक्त "मीपण" म्हणत होता.
चढतोस? मीपण. लपतोस? मीपण.
मग नावाड्याकडे बघून, म्हणजे माझ्याकडे,
एकदम म्हणाला,
पलीकडे सोडलेलं माणूस
तू कधी परत आणतोस का?

माझा हात फाशाकडे गेला होता, वीस बाजूंच्या.
अशा गोष्टीला नियम आहे. अठराच्या वर पडलं तर.
फासा मी मुठीत धरला. टाकला नाही.
रेडिएटर टकटक करत होता.

नावाडी म्हणाला, कुठून ते मला ठाऊक नाही:
आणत नाही.
पण नावेत बसून कोण काय बोललं, ते लक्षात राहतं.
ती काय बोलली?
नवे बूट चावतात म्हणाली. सारखी तेच.

वेइक्को हसला.
आधी नाकातून, मग खांदे हलले, मग चष्मा काढला.
बूट त्यानेच आणून दिले होते, एक माप लहान.
देवाशपथ, मला माहीत नव्हतं.
कुणी काही बोललं नाही.
केर्त्तूने त्याच्या कपात कॉफी ओतली,
आणि उर्होने नकाशावर
नदीच्या त्या काठाला एक छोटंसं घर काढलं.

फासा कधी टाकायचा ते पुस्तकात मिळेल तुला.
मुठीत कधी ठेवायचा
ते मला अजून लिहिता येत नाहीये.

असो. पेन्सिली जास्तीच्या ने,
तळघराची किल्ली दोनदा फिरवावी लागते, डावीकडे.
आठ वाजता वरचे दिवे मालवायला सुरुवात होते,
तेव्हा होडी काठाला लावायची घाई करू नकोस.
मध्यावरच राहू दे.